आवाज ऐकू येणाऱ्यांच्या गटात मुलाला पाठवू का?

या वेळचं पत्र कराड तालुक्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. मुलगा २८ वर्षांचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. सुरुवातीची दोन वर्षं देवऋषी आणि अंगारे-धुपारे करण्यात गेली. नंतर गोळ्या सुरू झाल्या. संशय गेला, झोप लागते, पण कानातले आवाज काही थांबले नाहीत. एक बाई हसते आणि एक “सर” हुकूम सोडतात, असं तो सांगतो. दुपारी जेवताना मध्येच ताटावरून उठतो, रागावलं की दार लावून घेतो. आता साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला दर बुधवारी एका गटात बसवायला सांगितलं आहे. असेच आवाज ऐकू येणारे सात-आठ जण तिथे असतात म्हणे. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, असं होणार नाही कशावरून? आज दोन आवाज आहेत, तिथे जाऊन चार झाले तर? शिवाय माझे माजी विद्यार्थी साताऱ्यात जागोजागी आहेत. आणि हिचं म्हणणं, लग्न लावून दिलं की सगळं मार्गी लागेल. काय करावं ते कळवा.’

गुरुजी, नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून. मुलाला गटात पाठवा. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवून पाठवा, त्याच्या मर्जीने पाठवा, आणि पहिल्या बुधवारी त्याला एकट्याला एसटीत बसवून देऊ नका, तुम्ही बरोबर जा.

आता ढवळ्या-पवळ्याचं. तंबाखू, पत्ते, उधारी या गोष्टी संगतीने लागतात हे तुम्ही वर्गात आणि गावात पाहिलेलं आहे. कानातला आवाज तसा लागत नाही, कारण तो मुळात दुसऱ्याकडून येतच नाही. आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. बाजाराची यादी घोकतो, कुणाशी वाजलं की रात्री अंथरुणात ‘असं सुनवायला हवं होतं’ म्हणून तेच तेच बोलत राहतो. हे बोलणं आपलंच आहे, हे मेंदूला न सांगता कळतं. स्किझोफ्रेनियात नेमकी इथेच गफलत होत असावी, असं बरेच संशोधक मानतात. आतलं बोलणं परकं वाटू लागतं, भिंतीपलीकडून किंवा कानाशी कुणी बोलावं तसं ऐकू येतं. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आवाज ऐकू येत असतानाच काही रुग्णांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा ब्रोका नावाच्या भागात हालचाल वाढलेली दिसली. हा भाग बोलण्याचा, शब्द जुळवण्याचा आहे. म्हणजे माणसाला जे ऐकू येत होतं, ते त्याचाच मेंदू बोलत होता, असं मानायला आधार मिळाला.

तेव्हा तुमच्या मुलाचे ‘सर’ त्याच्याच आठवणींतून आणि धास्तीतून घडलेले आहेत. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना त्यांची वारलेली सासू बोलताना ऐकू येत असेल, तर ती सासू याच्या कानात येऊन बसणार नाही.

तरी तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे, ते झाकून ठेवत नाही. पहिल्या काही बैठकांनंतर काहींना त्रास वाढल्यासारखा वाटतो. ज्या गोष्टीकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवली, तिच्यावर तासभर बोललं की ती दिवसभर डोक्यात घोळते. बहुतेकांचं हे हळूहळू निवळतं. तसं झालं तर गट चालवणाऱ्यांना लगेच फोन करा. ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ म्हणून त्याला घरी मात्र बसवू नका.

आत काय चालतं ते सांगते. असे गट मी चालवले आहेत, इतरांचे बघितले आहेत, आणि प्रत्येकाची तऱ्हा थोडी वेगळी असली तरी सुरुवात साधारण सारखीच होते. खुर्च्या गोल मांडलेल्या, एक मानसतज्ज्ञ, जोडीला बहुतेकदा समाजसेवक, आणि सहा ते आठ माणसं. तास-दीड तास. सुरुवातीला नियम ठरतात. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. कुणी कुणाला औषधं बंद करायचा सल्ला द्यायचा नाही. ‘तुझं खोटं, माझं खरं’ हा वाद घालायचा नाही. ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं ऐकायचं, त्यालाही मुभा असते. पहिल्या दिवशी बहुतेक जण चपलांकडे बघत बसतात. मग कुणीतरी, बहुधा गटातला जुना माणूस, नव्याला विचारतो, ‘तुमचा नाव घेऊन बोलतो की नुसतं ए, अरे करतो?’

या प्रश्नाने जे होतं ते डॉक्टरांच्या खोलीत फारसं होत नाही. तिथे त्याला विचारलं जातं, आवाज येतात का, किती येतात, कमी झाले का. घरी सांगावं तर आई रडते आणि वडील डॉक्टरांना फोन करून डोस वाढवायचं बघतात. म्हणून मुलं सांगायचंच सोडून देतात. इथे समोरचा माणूस आवाजाची चौकशी अशी करतो जशी आपण पाहुण्यांच्या गावची करावी. कुठल्या बाजूने येतो, बाई की बाप्या, मराठीत बोलतो का, शिव्या देतो का, रात्री जास्त असतो का. तुमच्या मुलासारखाच, घरच्यांनी ‘काही बोलत नाही हो’ म्हणून पाठवलेला माणूस या प्रश्नांना भडाभडा उत्तरं देताना मी पाहिला आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हातात एक तक्ता येतो. आवाज किती वाजता आला, काय म्हणाला, तेव्हा मी काय करत होतो, त्रास शून्य ते दहा यात किती, आणि मी काय केलं. तुम्ही हजेरीपट ठेवलेले आहेत, तेव्हा याची किंमत तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवस हा तक्ता भरला की ‘दिवसभर आवाज असतात’ म्हणणाऱ्यालाही दिसतं की सकाळी अकरापर्यंत जवळजवळ नव्हतेच. दुपारी घर सामसूम झालं की वाढतात, जागरण झालं की वाढतात, घरात कडाक्याचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी वाढतात. आवाजालाही वेळापत्रक असतं हे कळणं ही मोठी गोष्ट आहे. ज्याची वेळ ठाऊक आहे त्याची भीती थोडी कमी वाटते.

मग युक्त्या निघतात, आणि इथे मानसतज्ज्ञांपेक्षा गटातली माणसं जास्त शिकवतात. एक जण गुणगुणतो. एक जण पेपर मोठ्याने वाचतो. कुणी एकाच कानात इअरफोन घालून रेडिओ ऐकतो. एका गृहस्थांची युक्ती मला फार आवडते, ती इतर ठिकाणच्या गटांतही वापरली जाते. एसटीत आवाज सुरू झाला की ते मोबाइल कानाला लावतात आणि त्याला खडसावतात, ‘आत्ता नाही, सात वाजता बोल.’ शेजारच्याला वाटतं फोन चालू आहे. सात वाजता ते खरोखरच दहा मिनिटं त्याच्यासाठी काढून बसतात, आणि पुष्कळदा तेव्हा आवाज येतच नाही.

गुणगुणणं किंवा मोठ्याने वाचणं का चालतं, याचं उत्तर वर आलंच आहे. ओठ, जीभ, घसा दुसऱ्या बोलण्यात गुंतवले की आतल्या बोलण्याला वाव कमी राहतो. १९८७ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी रुग्णांना नुसतं तोंड मोठं उघडून ठेवायला सांगितलं होतं, तेवढ्यापुरते बऱ्याच जणांचे आवाज थांबले. तुमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर त्याला मोठ्याने म्हणायला बसवून बघा. फक्त त्याचे आवाज देवादिकांचं नाव घेऊन बोलत असतील तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तो दुपारी मध्येच ताटावरून उठतो. तुम्ही ते रागाचं किंवा लाडाचं लक्षण धरलं आहे, असं पत्रावरून वाटतं. मला त्यात दुसरीच शंका येते. ‘सर’ हुकूम सोडतात असं तोच म्हणतो. हुकूम काय आहेत, हे घरात कुणी विचारलं आहे का? ‘पोटभर जेवलास तर बाबांना काहीतरी होईल’ असं सांगणारे आवाज माझ्या परिचयाचे आहेत. अशा माणसाला अर्ध्या भाकरीवरून उठताना बघून घरचे ‘अन्नाचा अपमान करतोस’ म्हणून ओरडतात, आणि तो बिचारा बापाचा जीव वाचवत असतो. तुमच्या घरात असंच आहे असं मी म्हणत नाही. पण शांतपणे, जेवणाची वेळ सोडून, एकदा विचारून बघा.

समजा तसंच निघालं, तर त्यावर गटात काय होतं ते बघा. तिथे ‘सर खरे की खोटे’ यावर चर्चा होत नाही. प्रश्न असा येतो की, त्यांचं ऐकलं नाही तर खरंच काही होतं का? मग एक लहानशी परीक्षा ठरते. उद्या उठायच्या आधी फक्त दोन घास जास्त खायचे, आणि बाबा ठणठणीत आहेत का ते संध्याकाळी लिहून ठेवायचं. पुढच्या बुधवारी सगळे विचारतात, काय झालं? कुणी तरी म्हणतं, माझाही असंच धमकावत होता, मी चार महिने ऐकलं, मग एकदा नाही ऐकलं, काही झालं नाही. तुम्ही किंवा मी हे हजारदा सांगितलं तरी त्याला पटणार नाही, कारण आपल्याला ‘सर’ ऐकू येत नाहीत. ज्याला ऐकू येतात त्याने सांगितलं की पटतं.

यामागे अभ्यास आहे. इंग्लंडमधले पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड या दोघांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की आवाज काय बोलतो एवढ्यावर माणसाचा त्रास ठरत नाही. तो आवाज किती ताकदवान आहे, त्याला सगळं कळतं का, त्याचा हेतू वाईट आहे का, याविषयी माणूस काय धरून चालतो, त्यावर पुष्कळ काही ठरतं. गटातलं काम मुख्यतः याच गोष्टीवर चालतं. आवाज असतील, पण ‘सरां’ची सत्ता उतरवायची.

इथे एक गोष्ट आपल्याकडची. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानामधलं अक्रा आणि आपलं चेन्नई, अशा तीन ठिकाणी प्रत्येकी २० रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल सविस्तर विचारलं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या लोकांचे आवाज बहुतेक अनोळखी, हिंसक, डोक्यावर बॉम्ब टाकल्यासारखे. चेन्नईत मात्र अर्ध्याहून अधिक जणांना नातेवाइकांचे आवाज येत होते. ते रागावत, पण कामं कर, आंघोळ कर, असंही सांगत. म्हणजे आवाजाशी नातं जोडता येतं, आणि नातं बदलताही येतं. अगदी वीस-वीस माणसांचाच अभ्यास आहे, त्यावरून फार मोठं काही सिद्ध करायला जाऊ नये. पण मराठी घरातली सासू, काका, सर असे आवाज ऐकताना मला तो नेहमी आठवतो.

‘सर’ या शब्दाने तुम्ही मनातून दचकला असाल. स्वतः शिक्षक, आणि मुलाच्या कानात हुकूम सोडणारे ‘सर’. हा आपलाच दोष, असं मनाशी धरून बसू नका. आवाजांना अधिकाराचं सोंग घ्यायला आवडतं. पोलीस, साहेब, देव, मास्तर, जे हाताशी असेल ते. आईबापांच्या वागण्याने हा आजार होतो असा समज एकेकाळी मानसोपचारातही होता, तो मागेच मोडीत निघाला.

हे सगळं वाचून गट म्हणजे रामबाण उपाय आहे असं वाटलं असेल तर थोडं थांबा. लंडनमध्ये टिल वाइक्स यांनी ८५ जणांवर केलेली, आवाजांसाठीच्या गटोपचाराची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. गटात गेलेल्यांचं चारचौघांत वागणं-वावरणं सुधारलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर आवाजांची तीव्रता मात्र खास कमी झाली नाही. ज्या गटांचे चालक चांगले अनुभवी होते, त्यांच्यात तीही कमी झालेली दिसली. अमेरिकेत २००९ च्या एका चाचणीत अशा शिस्तबद्ध, म्हणजे आवाजांविषयीच्या समजुती पद्धतशीर तपासणाऱ्या गटाची तुलना नुसतं बोलून एकमेकांना धीर देणाऱ्या साध्या आधारगटाशी केली. एकूण लक्षणांवर शिस्तबद्ध गटाचा परिणाम बरा होता, पण आवाजांविषयीच्या समजुतींवर साध्या आधारगटाचाच प्रभाव जास्त पडला. नुसतं एकत्र बसून, एकमेकांना सांभाळत बोलण्यातही काहीतरी आहे, असा मी त्याचा अर्थ घेते. इंग्लंडची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं तर समजुती तपासण्याचा हा उपचार गटात न देता एकास एक, किमान १६ बैठकांचा द्यावा असं म्हणतात. आपल्याकडे एका रुग्णामागे एक प्रशिक्षित मानसतज्ज्ञ १६ वेळा तासभर बसेल, ही चैन तालुक्याच्या ठिकाणी कुठून आणायची? तुमच्या डॉक्टरांनी साताऱ्यात गट उभा केला आहे हेच मला कौतुकाचं वाटतं.

म्हणून अपेक्षा नीट ठेवा. सहा महिन्यांनी ‘आवाज गेले का?’ असं विचारलंत तर बहुधा निराश व्हाल. तो दुपारी एकटा दुकानात जाऊन येतो का, ताटावर पुरतं बसतो का, पाहुणे आले की खोलीबाहेर येतो का, हे बघा.

आवाज ऐकू येणाऱ्यांचे गट जगात सुरू झाले त्याला एक वेगळा इतिहासही आहे. नेदरलँड्सचे मानसोपचारतज्ज्ञ मारिउस रोम १९८७ मध्ये आपल्या एका रुग्णाला घेऊन टीव्हीवर गेले आणि आवाज ऐकू येणाऱ्यांनी फोन करावेत असं आवाहन केलं. शेकडो फोन आले. त्यात आवाज घेऊनही आयुष्य नीट चालवणारे बरेच जण निघाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला पहिला स्वमदत गट सुरू झाला आणि ती चळवळ पसरली. इंटरनेटवर शोधलंत तर तुम्हाला त्यांचंच लेखन जास्त सापडेल. आवाजाशी बोलावं, त्याचा अर्थ लावावा, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांच्यातले काही जण औषधांना जो विरोध करतात तो मला अजिबात पटत नाही. गोळ्यांमुळे तुमच्या मुलाचा संशय गेला आहे, झोप परत आली आहे. ते गमावून काही मिळवायचं नाही.

औषधांवरून एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात आणि पुरेसे आठवडे घेऊनही आवाज हटत नसतील, तर क्लोझापिन नावाचं औषध आहे. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावं लागतं, सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणून घरचे आणि कधीकधी डॉक्टरही टाळतात. तुमच्या मुलाला ते योग्य आहे का हे मी इथून सांगू शकत नाही, पण त्याचा विचार झाला होता का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

एका बाबतीत मात्र बुधवारची वाट बघायची नाही. ‘सर’ त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करायला सांगत असतील, आणि विशेषतः त्यांचं ऐकावंसं वाटतंय असं तो म्हणत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. रात्री-अपरात्री कुणी भेटत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर थेट ११२. अशा भरात माणसाला गटात बसवत नाहीत. आधी तो सावरला पाहिजे.

घरी काय बोलायचं? ‘कुठे काय, कुणी नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे बोलणं सोडा. त्याला ऐकू येतं हे खरं आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात की तो तुम्हाला सांगायचं बंद करेल. उलट त्याची समजूत काढायला ‘हो हो, मलाही ऐकू आलं’ असंही कधी म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. काय म्हणताहेत?’ इतकं पुरे. आणि टोमणे. १९७० च्या दशकात लंडनमध्ये झालेल्या अभ्यासांत असं आढळलं की ज्या घरांत सतत टीका, चिडचिड किंवा डोक्यावरून हात न काढणारी अति-काळजी असते, तिथे परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा नाही. धुमसत्या जखमेवर हात लागला तर दुखणारच. ‘तुझ्या वयाचे कुठे पोचले’ हे वाक्य तेवढं घरातून हद्दपार करा, वहिनींनाही सांगा.

देवऋषीचा विषय तुम्ही स्वतःच काढलात, त्यावर मी आता बोलून उपयोग नाही. घरच्या देवाला नवस बोलायला कुणाची हरकत नाही, गोळी चुकवून अंगारा लावायला आहे.

माजी विद्यार्थी भेटले तर? भेटू देत. ‘गुरुजी, इकडे कुठे?’ विचारलं तर ‘दवाखान्यात आलोय’ हे पुरेसं उत्तर आहे, साठी उलटलेल्या माणसाला त्यापुढे कुणी खोदून विचारत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांना बंधनकारक केलं आहे. गटातल्या इतरांवर कायद्याचं बंधन नसतं, पण त्यांचीही गुपितं तिथेच असतात, त्यामुळे ती सहसा बाहेर फुटत नाहीत.

लग्नाचं थोडक्यात. लग्न हा स्किझोफ्रेनियावरचा उपचार नाही. आज ज्या मुलाला दुपारचं ताट पुरं करता येत नाही, त्याच्या गळ्यात संसार बांधू नका, आणि आजार लपवून तर मुळीच नाही. तसं लग्न पुढे कोर्टात रद्द होऊ शकतं, आणि तोवर दोन घरं होरपळतात. या आजाराची माणसं लग्न करतात, संसारही करतात, पण आजार सांगून आणि स्वतः सावरल्यावर. हा विषय दोन वर्षं बाजूला ठेवा.

तुमच्यासाठीही काही आहे. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे रुग्णांइतकंच घरच्यांसाठीही आधारगटांचं काम होत आलं आहे. कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून ही संस्था उभी केली. ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही स्किझोफ्रेनियाच्या शुभार्थींसाठी आणि शुभंकरांसाठी काम चालतं. या मंडळींत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. साताऱ्याच्या डॉक्टरांनाही विचारा, पालकांची महिन्यातून एखादी बैठक घेता का? मुलं आत असतात तेव्हा बाहेरच्या बाकावर पाच-सहा आईबाप नुसते बसलेले असतातच.

पहिल्या बुधवारी गट चालवणाऱ्यांना विचारून घ्या: त्यांचं या कामाचं प्रशिक्षण कुठे झालं, गट किती बैठकांचा आहे, मध्येच नवी माणसं घेतात की ठरलेलीच असतात, आणि गटात काही काळजीचं निघालं तर डॉक्टरांना कसं कळवतात. वर सांगितलेली लंडनची चाचणी आठवा, चालवणारा कोण यावर बरंच अवलंबून आहे.

मुलाने यायला नकार दिला तर ओढून नेऊ नका. चालवणाऱ्यांना त्याला आधी एकट्याला भेटायची विनंती करा, पुष्कळ जण एवढ्याने तयार होतात. गेला, तर घरी आल्यावर ‘काय काय बोललात?’ ही उलटतपासणी नको. तक्ता त्याचा आहे, त्याने दाखवला तर बघा. सहा-सात बैठका झाल्या की तक्ता घेऊन डॉक्टरांना भेटायला त्याला सांगा. औषधांत बदल करायचा की नाही, ते त्यावर बोलून ठरवता येईल.